महागड्या घड्याळाचा क्लॅस्प अडकलाय? आधी ओढाओढ थांबवा, मग हे करा

स्टीलच्या पट्ट्याचं चांगलं घड्याळ असेल तर कधी ना कधी हे होतंच, बटण दाबतो आणि क्लॅस्प, म्हणजे मनगटावर पट्टा बंद करणारी ती घडीची जोडणी, उघडतच नाही, किंवा एक बाजू सुटते आणि दुसरी तशीच अडकून बसते, आणि घड्याळ मनगटावरच असेल तर मग जीव घाबराघुबरा होतो. अशा वेळी हात आपोआप चाकू नाहीतर स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागतो. प्लीज ते करू नका. माझं एक घड्याळ समुद्रात पोहून आल्यावर तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, दोन दिवसांनी बघतो तर एका बाजूचं बटण आत जाऊन बसलेलं, बाहेर यायलाच तयार नाही. मी घाईत बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला गेलो. बटण काही सुटलं नाही, क्लॅस्पच्या कडेला मोठा ओरखडा मात्र पडला, आणि नंतर तेच बटण कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवल्यावर आपोआप मोकळं झालं. आत फक्त मीठ सुकलेलं होतं. ओरखडा अजून आहे.

तेव्हापासून माझं पक्कं मत झालंय की अडकलेला क्लॅस्प बहुतेक वेळा तुटलेला नसतो, आत मळ असतो किंवा कुठलातरी खटका अर्धवट राहिलेला असतो. तुटतो तो नंतर, आपण जोर लावल्यावर.

पहिलं काम: तुमचा क्लॅस्प उघडतो कसा ते बघा

हे बाळबोध वाटेल पण खूप जण इथेच फसतात, विशेषतः घड्याळ नवीन असेल किंवा दुसऱ्याचं हातात घातलं असेल तर. ढोबळमानाने चार-पाच प्रकार असतात.

एक म्हणजे दोन्ही बाजूंना बटणं असलेला, ही दोन्ही बटणं एकाच वेळी दाबावी लागतात, एक आधी आणि एक नंतर दाबलं तर एकच बाजू सुटते आणि वाटतं की अडकलं. दुसरा म्हणजे वरून एक पत्र्यासारखं छोटं झाकण असलेला, ते सेफ्टी लॉक, ते आधी पूर्ण उचलायचं, मगच खालची मुख्य पट्टी उघडते. रोलेक्सच्या ऑयस्टरलॉकमध्ये असंच आहे, वरचं सेफ्टी उघडल्याशिवाय खालचा लिव्हर उचलता येत नाही. तिसरा बटरफ्लाय, म्हणजे मधून दोन्हीकडे पंखासारखा उघडणारा, यात बंद असताना जोड दिसतही नाही. आणि काही घड्याळांत लिव्हर इतका लपवलेला असतो की कंपनीचं चिन्हच लिव्हरचं काम करतं, ते नखाने उचलायचं असतं. जुन्या घड्याळांत बटण वगैरे काही नसतं, नुसता घर्षणावर बसलेला क्लॅस्प, तो टोकाला धरून सरळ वर उचलायचा.

अर्धवट राहिलेलं काही आहे का?

आजकालच्या क्लॅस्पमध्ये पट्टा थोडा सैल करायची सोय आतच असते. रोलेक्सच्या ईझीलिंकमध्ये 5 मिलिमीटरची एक कडी आत घडी घालून बसते, ग्लाइडलॉकमध्ये 2-2 मिलिमीटरच्या टप्प्याने साधारण 20 मिलिमीटरपर्यंत पट्टा सरकवता येतो, ट्यूडरच्या टी-फिटमध्ये पाच खाचा असतात आणि एकूण 8 मिलिमीटर फरक पडतो. आता ही आतली कडी किंवा सरकती पट्टी दोन खाचांच्या मध्येच राहिली तर वरचं झाकण नीट बसत नाही, आणि आपण तरी जोर लावून दाबून बंद केलं तर मग उघडताना अडतं. डायव्हिंग सूटवर घालायला जी वाढीव घडी असते तिचंही तसंच. त्यामुळे क्लॅस्प अर्धा का होईना उघडत असेल तर पहिलं आत बघा, काही तिरकं बसलंय का, आणि ते बोटाने सरकवून खाचेत नीट बसवा. टक असा बारीक आवाज येतो, तो आला की झालं.

घड्याळ मनगटावरच अडकलं असेल तर

आधी बसा. हात पाच-दहा मिनिटं छातीच्या वर धरा, कारण उन्हात, व्यायामानंतर किंवा प्रवासात हात सुजतो आणि पट्टा क्लॅस्पला दोन्हीकडून ताणून धरतो. ताण असला की आतला खटका त्याच्या दाताला घट्ट अडकून राहतो आणि बटण कितीही दाबा, सुटत नाही.

इथेच ती सगळ्यात कामाची युक्ती आहे, आणि ती कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो. उघडण्यासाठी आपण ओढतो ना, ते उलटं करायचं. आधी अंगठ्याने क्लॅस्प आणखी आतल्या बाजूला दाबायचा, जणू काही आपण तो बंद करतोय. याने खटक्यावरचा ताण निघून जातो. तसाच दाबून ठेवून दोन्ही बटणं दाबायची, बटणं दाबलेली असतानाच अंगठा हळूच सोडायचा आणि मग क्लॅस्प वर उचलायचा. एका हाताने हे जमत नाही, घरातल्या कोणाला तरी बोलवा. मनगट थोडं वाकवून पट्ट्याला ढिलाई मिळते का तेही बघा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा काम इथेच होतं, पाणीसुद्धा लागत नाही.

पाणी आणि साबण

सुटलं नाही तर मळाकडे वळायचं. पट्ट्यात काय जमतं तर घाम, त्वचेचा कोंडा, तेल, सनस्क्रीन, साबणाचा चिकटा, समुद्राचं मीठ. मीठ नुसत्या पाण्यात विरघळतं, पण सनस्क्रीन आणि तेलाला साबण लागतो, म्हणून दोन्ही हवं.

पण थांबा, पाणी लावायच्या आधी घड्याळ बघा. मागच्या झाकणावर 30 मीटर लिहिलंय म्हणजे 30 मीटर खोल पाण्यात नेता येतं असं अजिबात नाही, त्याचा अर्थ शिंतोडे चालतील इतकाच. 100 मीटर किंवा जास्त असेल आणि किल्ली (वेळ लावायची बाजूची गुंडी) स्क्रूची असून पूर्ण आवळलेली असेल तर नळाखाली धरायला हरकत नाही, मात्र घड्याळ जुनं असेल आणि बरीच वर्षं सर्व्हिसिंग झालेलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका, रबराचे गॅस्केट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणाऱ्या रिंगा, कालांतराने कडक होतात.

आणि खरं तर डायल पाण्यात घालायची गरजच नाही. क्लॅस्प डायलच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो, म्हणून उथळ बशीत बोटभर कोमट पाणी घ्यायचं, त्यात भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब टाकायचे आणि फक्त क्लॅस्प त्यात बुडेल असं घड्याळ उभं धरायचं, डायल वर हवेत. मनगटावर असेल तर तळहात वर न करता, डायल आकाशाकडे ठेवून मनगटाची खालची बाजू पाण्याला टेकवायची. दहा-पंधरा मिनिटं. पाणी कोमटच, गरम नको, गरमीने गॅस्केटला त्रास होतो. पाण्यात असतानाच बटणं हळूहळू दाबत-सोडत राहायची, वीस-तीस वेळा, म्हणजे साबण आतल्या स्प्रिंगपर्यंत पोहोचतो. पाणी मळकट होताना दिसलं की समजायचं बरोबर चाललंय. पाणी बदला, परत करा.

मग मऊ टूथब्रश, लहान मुलांचा असतो तो उत्तम. बटणाच्या कडेची फट, बिजागरी आणि पट्ट्या जिथे घडी होऊन एकमेकींवर बसतात ती जागा, या तीन ठिकाणी मळ जास्त असतो. घट्ट बसलेला मळ लाकडी टूथपिकने काढा, फटीत दाताचा फ्लॉससुद्धा मस्त जातो. धातूचं काहीही नको, सुई नको, ब्लेड नको. काळ्या कोटिंगचा किंवा सोन्याचा क्लॅस्प असेल तर आणखी जपून, सोनं स्टीलपेक्षा मऊ असतं, आणि सिरॅमिकचा असेल तर तो वाकत नाही, सरळ तुटतो.

टूथपेस्ट लावू नका, त्यात घासणारी पावडर असते आणि चमक जाते. ब्लीच तर मुळीच नाही, क्लोरीनमुळे स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आणि तो सगळीकडे मारला जाणारा डब्ल्यूडी-40 चा स्प्रे, तोही नको. तो पाणी हटवायला बनवलेला आहे, घड्याळासाठी नाही, फवारा डायलच्या बाजूला गेला तर अवघड होतं आणि मागे राहिलेल्या थरावर धूळ पुन्हा चिकटते.

तरीही सुटत नसेल आणि हातातून काढायचंच असेल

क्लॅस्पच्या कडेला एका ओळीत तीन-चार-पाच बारीक भोकं आहेत का बघा. असली तर सुटलात. पट्ट्याचं एक टोक क्लॅस्पमध्ये स्प्रिंग बारने, म्हणजे टोकं आत दाबली जातात अशा बारीक दांडीने, अडकवलेलं असतं आणि त्याचं टोक त्यातल्या एका भोकात दिसतं. ते टूथपिकच्या टोकाने आत दाबलं आणि पट्टा जरासा बाजूला सरकवला की पट्टा क्लॅस्पमधून वेगळा होतो, क्लॅस्प बंद राहिला तरी घड्याळ हातातून निघतं. हे करताना हात गादीवर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे घड्याळ पडलं तरी काही होणार नाही, आणि दुसरं बोट भोकावर धरा, कारण स्प्रिंग बार उडाला की सापडत नाही. नवीन डिझाइनच्या बऱ्याच क्लॅस्पना बाहेरून भोकं नसतात, त्यांच्या बाबतीत हा मार्ग बंद.

कड्यांचे स्क्रू मनगटावर असताना उघडायला जाऊ नका. त्यांना बऱ्याचदा चिकट लॉकिंग लावलेलं असतं, ते गरम केल्याशिवाय सुटत नाही, ड्रायव्हर घसरतो आणि स्क्रूचं डोकं खराब होतं, शिवाय हाताला लागू शकतं.

बोटं निळसर पडायला लागली, सुन्न झाली किंवा हात फारच सुजला तर घड्याळाचा विचार सोडा आणि डॉक्टरकडे जा, पट्टा कापावा लागला तरी कापा. पट्टा नवीन मिळतो.

उघडतोय पण बंद होत नाही, असं असेल तर

हे वेगळं प्रकरण आहे. घड्याळ पडलं असेल किंवा उघडा क्लॅस्प कशाखाली दाबला गेला असेल तर आतली पातळ पट्टी वाकलेली असू शकते. घड्याळ डोळ्यांच्या रेषेत धरून बाजूने बघा, दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. एखादी तिरकी दिसली तर बोटाने अगदी हलका दाब देऊन बघा, एकदाच, आणि नाही आली तर सोडून द्या. पकड वापरून सरळ करायला गेलात तर बिजागरीची पिन वाकते आणि मग पूर्ण क्लॅस्पच बदलावा लागतो. टायटॅनियमच्या पट्ट्यात तर घासून घासून दोन भाग एकमेकांत रुतण्याचा स्वभावच असतो, तिथे जोर म्हणजे हमखास नुकसान.

सुकवणं

क्लॅस्प सुटला म्हणून लगेच घालू नका. साध्या पाण्याने साबण पूर्ण काढा, राहिला तर तोच पुढचा चिकटा होतो. मऊ कापडाने पुसा, मग क्लॅस्प उघडा ठेवून दोन-तीन तास टॉवेलवर राहू द्या. हेअर ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर. पाणी कड्यांच्या आत बराच वेळ लपून राहतं, पट्टा हलवला की थेंब बाहेर येतात, तेव्हा अधूनमधून हलवत राहा. पूर्ण सुकल्यावर बटण किंचित कुरकुरत असेल तर टूथपिकच्या टोकावर मावेल एवढंच सिलिकॉन ग्रीस बिजागरीला लावा, जास्तीचं पुसून टाका. नसेल कुरकुरत तर काही लावू नका.

सर्व्हिस सेंटरला कधी न्यायचं

दोन वेळा साबणपाणी करूनही बटण वर येत नसेल, म्हणजे आतली स्प्रिंग गेली असेल, किंवा क्लॅस्प मधेच आपोआप उघडत असेल, तर घरी प्रयोग थांबवा. आपोआप उघडणारा क्लॅस्प अडकलेल्यापेक्षा वाईट, घड्याळ कधी हातातून पडेल सांगता येत नाही, तोवर ते घालू नका. वॉरंटी शिल्लक असेल तर घरी स्क्रूला हातसुद्धा लावू नका. रोलेक्स, ओमेगा, ट्यूडर यांची आता 5 वर्षांची असते, पण जोर लावल्याच्या खुणा दिसल्या की ती लागू होणं कठीण. देताना कागदावर लिहून घ्या की पॉलिश करायचं नाही, नाहीतर कधीकधी क्लॅस्पबरोबर सगळ्या कडांची धार घासून गुळगुळीत होऊन येते आणि ती परत येत नाही. क्लॅस्प बदलणार असतील तर जुना परत मिळणार का हेही आधीच विचारा, जुन्या घड्याळाला मूळ क्लॅस्पची किंमत वेगळी असते.

मी आता समुद्रातून किंवा तलावातून आलो की तिथल्या तिथेच साध्या पाण्याने क्लॅस्प उघडून धुतो, आणि एरवी आठवड्यातून एकदा ब्रश फिरवतो, दोन मिनिटंही लागत नाहीत.