मुंगळ्यांची वसाहत: एका राणीपासून पुढे

पहिली वसाहत मरते ती बहुतेक वेळा पाळणाऱ्याच्या उत्साहाने. मुंगळे चिवट असतात, पण एकटी राणी बिचकते, आणि तिला दिवसातून चारदा उजेडात काढून पाहिलं की ती स्वतःची अंडी खाऊन टाकते.

राणी ओळखायला शिका. मोठ्या डोक्याचा कामकरी आणि राणी यांत नवखे हमखास गल्लत करतात. राणीची छाती फुगीर, कुबड आल्यासारखी असते आणि पंख गळाले तिथे दोन्ही बाजूंना बारीक व्रण दिसतात. पंख गळाले म्हणजे मिलन झालंच असं मात्र नाही. ते पुढे अंडी-अळ्यांवरूनच कळतं.

तिचं पहिलं घर म्हणजे 16 मिमी व्यासाची, 150 मिमी लांब टेस्ट ट्यूब. एक तृतीयांश पाणी भरा आणि कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीने पाण्याला टेकेपर्यंत ढकला. बोळ्याची कोरडी बाजू ओलसर व्हावी, पण थेंब सुटू नये. तो सैल राहिला तर तापमान वरखाली होताच आतली हवा फुगते, पाणी पुढे सरकतं आणि राणी बुडते. राणी आत सोडून तोंडाला कोरडा बोळा लावा. ट्यूब अंधारात, 24 ते 27 अंशांत आणि हादरे बसणार नाहीत अशा जागी ठेवा. दार आपटणारं कपाट नको.

यानंतर खायला काहीही द्यायचं नाही. आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू आणि अंगातली चरबी यांवर ती पहिली पिल्लं वाढवते. आठवड्यातून एकदा, तेही अर्धा मिनिट, डोकावलं तरी पुरे. अंड्यांचा पुंजका जबड्यात धरून ती ट्यूबभर पळायला लागली तर लगेच झाका. अंड्यापासून कामकरी व्हायला साधारण 6 ते 10 आठवडे जातात. थंडी असेल तर जास्त. पहिले कामकरी बुटके निघतात, घाबरू नका.

ते आले की साखरपाणी सुरू: 1 भाग साखर, 4 भाग पाणी. थेंब कापसाच्या तुकड्यावर द्या. उघड्या थेंबात छोटे कामकरी चिकटून मरतात. अळ्यांसाठी प्रथिनं लागतात. उकळत्या पाण्यात बुडवून मारलेल्या रातकिड्याचा पाय आठवड्यातून दोनदा द्या आणि उरलेलं 24 तासांत काढा, नाहीतर बुरशी धरते. बाहेर पकडलेले किडे टाळा; त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं.

घर बदलायची घाई करू नका. 20-30 कामकरी होईपर्यंत ट्यूबच पुरते. मोठं घर आधी दिलं तर ते रिकाम्या कप्प्यांत कचरा साठवतात, आणि ओलावा कुठे आहे ते तुम्हालाही समजत नाही. पुढचं घर ॲक्रिलिक किंवा प्लास्टरचं चालेल. मऊ लाकूड आणि फोम नको: मुंगळे लाकूड खात नाहीत, पण पोखरून भुसा बाहेर फेकतात आणि वाट काढतात. स्थलांतर करताना त्यांना झटकून ओतायचं नाही. जुनी ट्यूब नळीने नव्या घराला जोडा, नवं घर झाका, जुन्यावर उजेड ठेवा. कधी तासाभरात जातात, कधी आठवडा घेतात. छेडलेले मुंगळे फॉर्मिक आम्ल फवारतात. बंद ट्यूबमध्ये ते त्यांनाच मारतं, म्हणून हवेची वाट मोकळी हवी.

घराला जोडलेल्या चरायच्या डब्याच्या, म्हणजे मुंगळे खायला बाहेर येतात त्या उघड्या डब्याच्या, वरच्या 4-5 सेंमी पट्ट्यावर टाल्कम पावडर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची पातळ पेस्ट आतून लावून वाळू द्या. त्यावर पाय ठरत नाहीत, मात्र दमट हवेत हा लेप निकामी होतो. दर आठवड्याला बोट फिरवून पाहा: बोटाला पावडर लागली तर ठीक, पट्टा ओलसर लागला तर पुसून पुन्हा लावा.

थंड प्रदेशातल्या जातींना हिवाळ्यात 5 ते 10 अंशांत तीन-चार महिने विश्रांती लागते. त्या काळात अंडी थांबतात, अळ्या तशाच राहतात, कामकरी गोळा होऊन बसतात. मेले समजून ट्यूब हलवू नका; पाणी तेवढं संपू देऊ नका.