तळ्याचा सांडव्याचा पाइप निकामी झाला? पाइपआधी भोवतालची माती तपासा

तळ्याचे जादा पाणी बांधाच्या पोटातून बाहेर नेतो तो सांडव्याचा पाइप. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्याची पातळी खाली जाते आणि एरवी बुडालेले पाइपचे तोंड उघडे पडते. दुरुस्तीची वेळ हीच. मात्र पाऊस तोंडावर आला असेल तर बांध खणायला घेऊ नका. अर्धवट बुजवलेल्या चरापेक्षा गळका पाइप परवडला.

आधी दुखणे कोणते ते ओळखा. पाणी पाइपच्या तोंडावर चढले आहे, पण पलीकडे जेमतेम धार पडते, म्हणजे पाइप तुंबला आहे. पातळी तोंडाच्या खाली असूनही पलीकडून पाणी येतच आहे, म्हणजे बांधाच्या पोटात पाइपला भोक पडले आहे किंवा जोड निसटला आहे. आणि पाणी पाइपमधून न येता त्याच्या बाहेरच्या अंगाने, मातीतून येत असेल, तर हा सर्वांत वाईट प्रकार. पाइप टाकताना त्याच्या पोटाखालची माती नीट ठोकलेली नसते. तिथल्या फटीतून पाणी वाट काढते, मातीचे कण घेऊन बाहेर पडते आणि पोकळी बाहेरून तळ्याच्या दिशेने वाढत जाते. खेकड्यांची, घुशींची बिळे आणि बांधावरच्या झाडांची मुळे या कामाला हातभारच लावतात.

मातीतून येणारे हे पाणी बाटलीत भरून तासभर स्थिर ठेवा. नितळ राहिले तर नियोजनाला वेळ आहे. तळाशी गाळ बसला तर बांध आतून पोखरला जातोय. मग लगेच पंप किंवा सायफन लावून पातळी उतरवा, बांधाखालच्या बाजूच्या माणसांना आणि जनावरांना दूर करा. गळतीच्या तोंडावर सिमेंट थापू नका. बाहेरची वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि पाणी बाजूला नवी वाट फोडते. त्याऐवजी तिथे आधी स्वच्छ जाड वाळू, वर बारीक खडी, त्यावर मोठे दगड असा थर द्या. पाणी निघून जाते, माती अडते. हा तात्पुरता आधार आहे, दुरुस्ती नव्हे.

तुंबलेला पाइप मोकळा करणे त्यामानाने सोपे. बाहेरच्या तोंडातून पाण्याची नळी किंवा लवचीक सळई आत सारा, पण उभे राहा बाजूला, कारण तुंबारा सुटला की लोट एकदम येतो. पाणी ओढले जात असताना आतल्या तोंडाजवळ हात-पाय घालू नका. ती ओढ माणसाला सोडत नाही.

खोदकामासाठी तळे उतरवायचे असेल तर सावकाश उतरवा. दिवसाला 15 ते 30 सेंमी पुरे. भराभर उपसले तर पाण्याने जड झालेला बांधाचा आतला उतार घसरतो. मासे असतील तर खोलगट भागात त्यांच्यापुरते पाणी राहू द्या.

जुना पाइप चेपलेला नसेल आणि भोवतालची माती घट्ट असेल, तर आतून लहान पाइप सरकवता येतो. बांध खणावा लागत नाही. दोन पाइपांमधली फट मात्र पातळ कालवलेल्या सिमेंटने पूर्ण भरायला हवी, नाहीतर गळती तिथूनच चालू राहते. शिवाय आतला व्यास 200 मिमीवरून 160 मिमीवर आला की वाहून नेण्याची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. जुना पाइप पन्हाळीदार लोखंडी आणि नवा आतून गुळगुळीत असेल तर हा तोटा बराचसा भरून निघतो.

माती पोखरली असेल तर बदलण्यावाचून इलाज नाही, आणि खरी मेहनत इथे आहे. चराच्या बाजू उभ्या ठेवू नका, तिरक्या कापा. उभी बाजू आतल्या माणसावर कोसळू शकते, शिवाय जुन्या-नव्या मातीचा सांधाही नीट बसत नाही. ओली, मऊ माती सगळी काढून टाका. पाइपखाली वाळू किंवा खडी अंथरण्याची सवय इतरत्र ठीक असेल, बांधात नाही; त्यातून पाण्याला आयती वाट मिळते. चिकणमाती असलेली, दगड-मुळे वेचलेली माती घ्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिखल लागू नये, इतकाच ओलावा हवा. थर 15 सेंमीपेक्षा जाड नको. पाइपच्या पोटाखालच्या दोन्ही कडा हाताने ठोका, मग वर धुमस चालवा. निव्वळ काळी माती वाळली की भेगाळते, म्हणून तिच्यात मुरूम मिसळा.

पाइपला कॉलर, म्हणजे बाहेरून झिरपणारे पाणी अडवणारी रुंद आडवी चकती, लावण्याची पद्धत जुनी आहे, पण कॉलरभोवती माती ठोकणे अवघड जाते. बांधाच्या बाहेरच्या भागात, शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात पाइपभोवती स्वच्छ वाळूचा पट्टा द्यावा आणि त्याचे पाणी बाहेर काढून द्यावे, असे माझे मत. पोटाखाली वाळू नको म्हणालो ते सलग अंथरणाबद्दल; हा पट्टा तळ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे वाट जोडली जात नाही.

तळ्यातले तोंड उभ्या पाइपचे असेल, तर त्याला तळाशी काँक्रीटचे वजन हवे. बाहेरून 300 मिमी व्यासाचा, 2 मीटर बुडालेला, आतून रिकामा पाइप सुमारे 140 किलोच्या जोराने वर उचलला जातो. पाण्यात काँक्रीटचे वजनही कमी भरते, म्हणून किमान 0.15 घनमीटरचा ठोकळा घाला. तोंडावर जाळी लावा, तीही मोठी. पाइपच्या तोंडाएवढीच जाळी पहिल्याच पावसात पालापाचोळ्याने बंद होते.

मोठ्या पुरासाठी पाइपवर भिस्त नको. बांधाच्या टोकाला, भरावावर नव्हे तर मूळ जमिनीत, गवत वाढवलेला रुंद सांडवा पाइपच्या तोंडापेक्षा सुमारे 30 सेंमी वर ठेवा. यंदा दुरुस्ती जमणारच नसेल, तर हा सांडवा साफ करा, पातळी कमी ठेवा आणि बांधावरून सायफन टाकून द्या. सायफनचा माथा पाण्यापेक्षा 5 मीटरहून वर जाऊ देऊ नका.

नवा भराव बसतो, म्हणून चराच्या जागी उंची 5 ते 10 टक्के जास्त द्या. तळे पहिल्यांदा एका दमात भरू देऊ नका. अर्ध्यावर काही दिवस थांबवून बाहेरच्या तोंडाजवळ बाटलीची तपासणी पुन्हा करा.