इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती शोधताना या चुका टाळा

सांगलीत इंग्रजी शब्दसंग्रह शिकायला येणाऱ्या मुलांना शब्दाचा उगम एका ओळीत हवा असतो, आणि ती ओळ मोबाइलवर आधीच येऊन पडलेली असते. ‘न्यूज’ हा शब्द इंग्रजीतील चार दिशांच्या आद्याक्षरांपासून बनला, ही अशीच एक ओळ. प्रत्यक्षात तो ‘न्यू’ या शब्दाचे अनेकवचन आहे. आद्याक्षरांपासून शब्द बनवण्याची पद्धत प्रामुख्याने विसाव्या शतकातील असून ‘रडार’ आणि ‘लेझर’ ही तिची खरी उदाहरणे आहेत, त्यामुळे त्याहून जुन्या शब्दाचे असे स्पष्टीकरण कोणी दिले तर ते बहुधा नंतर रचलेले असते. यावर अधिक वेळ घालवू नये.

सर्वांत चिवट चूक मात्र वेगळी आहे, ती म्हणजे दोन शब्द सारखे ऐकू आले की त्यांचे नाते जोडून मोकळे होणे. मिरज रस्त्यावरील एका शाळेच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असता ‘संस्कृतमधून आलेले इंग्रजी शब्द’ असा सुबक तक्ता पाहिला. त्यात मदर, ब्रदर, फादर, शुगर, डे आणि बॅड हे सारे एकाच दावणीला बांधलेले होते. मी हरकत घेताच मार्गदर्शक शिक्षक म्हणाले, “सर, एवढे साम्य योगायोगाने येते का? आणि संस्कृतला मोठेपणा मिळाला तर आपले काय बिघडते?”

बिघडते ते असे की, या सहा शब्दांच्या तीन वेगवेगळ्या कथा आहेत. शुगर हा खरोखर प्रवास करून आलेला शब्द आहे: शर्करा फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि पुढे फ्रेंचमार्गे इंग्रजीत शुगर झाली. त्याच शर्करेची दुसरी वाट मलयाळममधून पोर्तुगिजांच्या तोंडी गेली आणि तिचे ‘जॅगरी’ झाले, म्हणजे आपल्या मार्केट यार्डात ज्याचे सौदे निघतात त्या गुळाचे आणि साखरेचे इंग्रजी नाव एकाच घरातले आहे. मदर, ब्रदर आणि फादर मात्र संस्कृतमधून इंग्रजीत गेले नाहीत. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात मांडले त्याप्रमाणे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका मूळ भाषेच्या लेकी आहेत. इंग्रजीही त्याच कुळातली, म्हणून हे शब्द एकमेकांची भावंडे ठरतात. उरलेल्या दोघांचे नातेच नाही. बदनाम, बदसूर यांतील फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एक, उच्चारही जवळचा. पण फारसी शब्दाचे जुने रूप ‘व’ने सुरू होत असे, म्हणजे मागे जावे तसे हे शब्द जवळ येण्याऐवजी दूर सरकतात. ‘डे’ आणि दिवस यांचेही तेच. गंमत म्हणजे ‘ट्यूजडे’मधील ‘डे’ दिवसाचा कोणी नसला, तरी त्यातील ‘ट्यूज’ हे ज्या जुन्या देवतेचे नाव, ते आपल्या ‘देव’ या शब्दाचे सख्खे आप्त आहे.

शिक्षकांशी वाद न घालता मी तक्त्याशेजारी पाठकोऱ्या कागदावर ‘पितृ – फादर, पाद – फूट, पूर्ण – फुल’ एवढेच लिहिले आणि मुलांना पुढची जोडी विचारली. एका मुलीने ‘पंच – फाइव्ह’ सांगितले. संस्कृतात ‘प’ तिथे इंग्रजीत ‘फ’, संस्कृतात ‘द’ तिथे इंग्रजीत ‘ट’ (दश – टेन, द्वि – टू), अशी शिस्त जिथे ओळीने सापडते तिथेच भावंडांचे नाते मानावे. एकटेदुकटे साम्य मला पुरावा वाटत नाही. तक्ता मात्र पालकांची भेट आटोपेपर्यंत तसाच टांगलेला राहिला.

माझी सवय अशी की, नवा शब्द आला की वहीत आधी त्याची सर्वांत जुनी लेखी नोंद आणि तेव्हाचा अर्थ लिहायचा, उगमाचा रकाना शेवटी. 1928 साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अशा नोंदी सालवार मिळतात. हे काम रटाळ आहे आणि घाई असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

शास्त्रीय शब्द भलत्या ठिकाणी तोडणे हीसुद्धा नेहमीची चूक. ‘हेलिकॉप्टर’चे तुकडे ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे होत नाहीत. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखे आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख. माशीच्या ‘डिप्टेरा’ या गणाच्या नावात हाच पंख आहे. सूर्यावरून नाव पडलेल्या हेलियमशी त्याचा संबंध नाही.

व्युत्पत्तीलाच व्याख्या समजणारेही कमी नाहीत. ऑक्सिजन म्हणजे आम्ल निर्माण करणारा, हे नाव देताना फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए यांची समजूत होती की प्रत्येक आम्लात हा वायू असतोच. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्ही यांनी 1810 साली हायड्रोक्लोरिक आम्लात तो नसल्याचे दाखवले, नाव मात्र राहिले. मलेरियाचे नावही दूषित हवेवरून पडलेले आहे, आणि डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात त्याचे परजीवी पाहिल्यानंतरही ते बदलले नाही.

आणि कोशात ‘उगम अज्ञात’ असे लिहिलेले असेल, तर वहीतही तेच लिहावे. ‘डॉग’ या साध्या शब्दापुढे ही नोंद पाहून मुले हिरमुसतात आणि दुसऱ्या दिवशी कुठून तरी एक गोष्ट घेऊन येतात. ती गोष्ट मी उगमाच्या रकान्यात लिहू देत नाही.