घरच्या ऑर्गनसाठी सँपल सेट निवडताना

सँपल सेट म्हणजे खऱ्या पाइप ऑर्गनच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचा संच, जो संगणकावर चढवून घरच्या कीबोर्डांवर वाजवता येतो. माझा पहिला सेट चार मॅन्युअलचा (हातांनी वाजवायच्या कीबोर्डांचा) होता, साठाहून जास्त स्टॉपांचा (स्टॉप म्हणजे एका जातीच्या आवाजाच्या पाइपांची रांग, जी खुंटी ओढून चालू करतात). माझ्याकडे मॅन्युअल दोनच. सेटमध्ये सुमारे सात सेकंदांचा घुमारा होता. पहिल्या रात्री हेडफोन लावून एक सी मेजर कॉर्ड दाबला, सोडला आणि तो पूर्ण विरेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. अंगावर काटा आला. तीन महिन्यांनी ध्यानात आलं, की आपण वाजवतोय कमी आणि कॉर्ड सोडून ऐकतोय जास्त. त्यात पेडलवर, म्हणजे पायांनी वाजवायच्या कळांवर, चुकलेला सूर त्या घुमाऱ्यात बिनबोभाट बुडून जायचा, त्यामुळे चूक सुधारायचीही राहून जायची.

तो सेट वाईट नव्हता. माझी निवड चुकली होती. म्हणून आता कुणी विचारलं, की मी स्टॉप किती हे सर्वांत शेवटी बघायला सांगते.

आधी थोडक्यात मूळ गोष्ट. खऱ्या पाइप ऑर्गनचा प्रत्येक पाइप सुटा वाजवून रेकॉर्ड करतात. सूर धरून ठेवता यावा म्हणून मधला भाग पुन्हापुन्हा फिरता ठेवतात आणि कळ सोडल्यावरचा विरत जाणारा आवाज वेगळा जपतात. म्हणजे तुम्ही नुसतं वाद्य घेत नाही, ते ज्या इमारतीत आहे ती इमारत आणि माइक जिथे ठेवले होते ती जागाही घेता.

तुमच्या स्टँडवर कोणती पानं आहेत?

सुरुवात इथून करा. फ्रांक आणि विडोर हे फ्रेंच परंपरेतले संगीतकार वाजवायचे असतील, तर फ्रेंच रोमँटिक ऑर्गन हवा: काँ शहरातल्या सँ-एतिएन चर्चमधल्या १८८५ च्या काव्हाये-कोल (हे ऑर्गन बांधणाऱ्याचं नाव, पुढची विलिस आणि श्निटगरही तशीच) ऑर्गनसारखा, ज्याचा सेट मिळतो. इंग्लिश कॅथीड्रल संगीत हवं असेल, तर सॉल्सबरीचा १८७७ चा ‘फादर’ विलिस. उत्तर जर्मन बरोक हवं असेल, तर नेदरलँड्समधल्या झ्वोलेचा १७२१ चा श्निटगर. काव्हाये-कोलवर बाख वाजत नाही असं नाही, पण मधल्या ओळी जाड होतात. श्निटगरवर फ्रांक वाजवताना मात्र पाय स्वेल पेडल, म्हणजे आवाज हळूहळू कमीजास्त करणारं पेडल, शोधत राहतो. ऑर्गनमध्ये स्वेल बॉक्सच (त्या पेडलने उघडमीट होणारी, पाइपांभोवतीची झडपांची पेटी) नाही, तर सेटमध्ये तो कुठून येणार?

माझी कसोटीची रचना एकच आहे: बाखच्या ‘ऑर्गेलब्युखलाइन’मधलं ‘इश रुफ त्सू दिर’, बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ६३९. तीन ओळी, दोन मॅन्युअल आणि पेडल, लपायला जागा नाही. वरची चाल एका स्टॉपवर गाते, मधे डावा हात अखंड चालत असतो, खाली पेडल ठोके देतं. तिन्ही ओळी सुट्या ऐकू आल्या नाहीत, तर तो सेट माझ्या कामाचा नाही.

हीच रचना आणखी एक गोष्ट उघडी पाडते. ती एफ मायनरमध्ये आहे. जुन्या ऑर्गनचा सेट मीनटोन या जुन्या स्वरजुळणीत लावलेला असेल, तर तिथे ए फ्लॅटच्या कळीवर प्रत्यक्षात जी शार्प बसलेला असतो, खऱ्या ए फ्लॅटपेक्षा ४१ सेंट (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट) खाली. पहिल्याच कॉर्डला दात आंबतात. हाउप्टवर्क आणि ग्रँडऑर्ग या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ट्यूनिंग बदलता येतं, त्यामुळे एवढ्यावरून सेट बाद करू नका. पण मूळ ट्यूनिंग काय आणि पट्टी कोणती, हे वाचून घ्या. काही जुने ऑर्गन ए = ४४० हर्ट्झपेक्षा अर्धा ते एक सूर वर असतात. सोबत कुणी गाणारं किंवा बासरी वाजवणारं असेल, तर हे आधीच कळलेलं बरं.

घुमारा कुणाचा: चर्चचा की तुमच्या खोलीचा?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सेट साधारण तीन प्रकारचे: वेट, म्हणजे माइक दूर ठेवून घुमाऱ्यासकट रेकॉर्ड केलेले, ड्राय, म्हणजे पाइपाजवळ माइक ठेवून जवळजवळ कोरडे, आणि सेमी-ड्राय, या दोहोंच्या मधले. काही सेटमध्ये जवळचे, मधले आणि मागचे माइक वेगवेगळे मिळतात आणि प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करता येतो. परवडत असेल आणि मशीन पेलत असेल, तर हे उत्तम. मी सरावाला जवळचे माइक पुढे आणते, रविवारी मागचे.

हेडफोनवर वाजवत असाल, तर वेट सेट घ्या. कानात दुसरी कुठली खोली नसते, त्यामुळे चर्च जसंच्या तसं उभं राहतं. ड्राय सेट हेडफोनवर ऐकला, तर पाइप कपाळाला टेकलाय असं वाटतं. स्पीकरवर मात्र चर्चचा घुमारा तुमच्या खोलीत येऊन परत भिंतींवर आपटतो. खोली लहान आणि उघड्या भिंतींची असेल, तर आवाज गढूळ होतो. तिथे सेमी-ड्राय सेट घेऊन रीव्हर्ब आपल्या हाताने, बेताने घातलेला बरा. मागच्या माइकांचं रेकॉर्डिंग खरं खुलतं ते पाठीमागे आणखी दोन स्पीकर असतील तर.

आणि स्पीकर लहान असतील, तर ३२ फुटी (ज्याचा सर्वांत लांब पाइप सुमारे ३२ फुटांचा, अशा) स्टॉपच्या मोहात पडू नका. त्याचा खालचा सी १६ हर्ट्झच्या आसपास असतो. १६ फुटी स्टॉपचा सी ३३ हर्ट्झच्या जवळ, तोसुद्धा छोट्या स्पीकरांना जड जातो.

कळा मोजा

हे कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांत होतं. माझ्या पेडलबोर्डला ३० कळा आहेत, सी पासून वरच्या एफपर्यंत. बऱ्याच जुन्या ऑर्गनचं पेडल वरच्या डी पर्यंतच असतं, आणि कित्येकांत सर्वांत खालचा सी शार्प नसतो. बाखच्या एफ मेजर टोकाटाचं पेडल थेट वरच्या एफपर्यंत चढतं. मी ती वाजवायला बसले, सोलोमध्ये वर गेले आणि पाय चक्क मुक्या कळीवर पडला. सॉफ्टवेअर बिघडलं समजून अर्धा तास केबल काढून-घालून पाहिल्या! काही सेटमध्ये नसलेले सूर शेजारच्या पाइपावरून तयार करून दिलेले असतात. माहितीत ‘वाढवलेला आवाका’ अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते पाहा. मॅन्युअलचंही तसंच: तुमच्या ६१ कळांपैकी वरच्या पाच-सात मुक्या राहू शकतात.

दोन मॅन्युअलवर तीन मॅन्युअलचा सेट चालतो, कपलर (एका मॅन्युअलला दुसरा जोडणारी सोय) किंवा बटणांनी जुळवून घेता येतं. चार मॅन्युअलचा सेट मी तरी पुन्हा घेणार नाही.

मेमरीचा कच्चा हिशेब

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ: सेकंदाला २८८ किलोबाइट. एका पाइपाचा धरलेला सूर आणि विरणारा आवाज मिळून १० सेकंद धरले, तर जवळपास २.९ मेगाबाइट. ३० स्टॉप, प्रत्येकी ५६ कळा, म्हणजे १६८० पाइप. गुणाकार ४.८ गिगाबाइटच्या वर जातो. माइकांचे तीन संच असतील, तर तिप्पट. कळ किती वेळ दाबली त्यानुसार विरणारे आवाज वेगवेगळे दिले असतील, तर आणखी. माझ्या १६ गिगाबाइटच्या मशीनवर मी १६ बिटमध्ये लोड करते आणि न लागणारे स्टॉप बंद ठेवते.

प्रोसेसरवरचा भार घुमाऱ्याबरोबर वाढतो, हे मला उशिरा कळलं. २० स्टॉप ओढून सेकंदाला ८ सूर वाजवले आणि घुमारा ७ सेकंदांचा असला, तर एका वेळी विरत असलेले आवाज ११२० होतात. आवाज तडतडायला लागला तो यामुळे. बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा) ५१२ चा ठेवला, तर ४८ किलोहर्ट्झला साधारण ११ मिलिसेकंदांचा उशीर लागतो. मला तो चालतो, कारण खरा ऑर्गनही उशिराच बोलतो.

डेमोवर बसा, डेमो नुसता ऐकू नका

निर्मात्यांचे नमुने चांगल्या वादकाने, सगळे स्टॉप ओढून वाजवलेले असतात. त्यात सगळंच भव्य लागतं. काही स्टॉपांचा चाचणी-सेट मिळत असेल, तर उतरवून घ्या आणि एकच ८ फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनचा मूळ, साधा स्टॉप) ओढा. एक सूर वीस सेकंद धरा: आवाजात ठरावीक अंतराने हेलकावा येत असेल, तर फिरता भाग नीट जुळलेला नाही. मग एक कळ टचकन दाबून सोडा. एवढ्याशा सुरामागे पूर्ण सुराएवढा घुमारा भसकन आला, तर छोट्या सुरांसाठी वेगळे विरणारे आवाज दिलेले नाहीत, आणि ट्रिल (शेजारचे दोन सूर भरभर आलटून पालटून) वाजवताना हे फार खुपतं. नंतर खालपासून वरपर्यंत एकेक अर्धस्वर चढत जा. मधेच एखादा सूर शेजाऱ्याची नक्कल वाटला, तर तो पाइप बिघडलेला असावा. थोडी असमानता मात्र असू द्या, खरे पाइप असेच असतात. शेवटी आठ-दहा स्टॉप ओढून कॉर्ड धरा. हवेची खरखर साचून वर येत असेल तर ती आणि आवाज धुऊन काढल्यासारखा काचेरी लागत असेल तर तो, दोन्ही दोष तासाभराने डोकं उठवतात.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: ग्रँडऑर्ग मोफत आहे, पण हाउप्टवर्कसाठी कुलूपबंद केलेले सेट त्यात उघडत नाहीत. म्हणून सेट कोणत्या सॉफ्टवेअरचा आहे हे घेण्याआधी पाहा. नवशिक्यांनी मोफत मिळणाऱ्या ऑस्ट्रियातल्या फ्रीझाखच्या सेटपासून सुरुवात करावी. दोन-तीन महिन्यांत आपल्याला काय कमी पडतंय ते आपोआप कळतं, आणि कित्येकदा काहीच कमी पडत नाही.

मी सध्या २२ स्टॉपांच्या, दोन मॅन्युअलच्या सेटवर आहे, दोन सेकंदांच्या आसपासच्या घुमाऱ्यात. बीडब्ल्यूव्ही ६३९ मधल्या पेडलच्या तीन चुका पहिल्याच संध्याकाळी ऐकू आल्या. त्यातली एक अजून होते.