पोराची-पोरीची पहिली गाडी म्हणून सेकंडहँड एसयूव्ही घ्यायची तर कशी निवडायची

बारावी झाली, अठरा पूर्ण झाले की घरात गाडीचा विषय निघतोच आणि हल्ली तो हॅचबॅकवर थांबत नाही, पोरांना उंच बसायची गाडी हवी असते, थार नाहीतर स्कॉर्पिओ, ते नाही जमलं तर निदान ब्रेझा किंवा नेक्सॉन. त्यात चुकीचं काही नाही, आपल्याकडचे खड्डे, स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातलं पाणी बघता ग्राउंड क्लिअरन्स कामाला येतोच. पण सेकंडहँड गाडी बघायला गेलं की आधी रंग, अलॉय आणि म्युझिक सिस्टीम बघितली जाते आणि एअरबॅग किती आहेत ते टोकन दिल्यावर विचारलं जातं, हे अगदी उलटं आहे. माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्या हातात द्यायची गाडी आकाराने लहान, ताकदीने बेताची आणि सेफ्टीत पक्की असावी.

सगळ्यात आधी वय आणि लायसन

अठरा पूर्ण नसतील तर गाडी घ्यायची घाईच करू नका. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199अ आलंय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. मे 2024 मधलं पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण आठवत असेलच. "आमच्या सोसायटीतल्या सोसायटीत चालवतो" हे सुद्धा नको, सोसायटीत लहान मुलं खेळत असतात.

अठरा झाले की लर्निंग काढा, ते सहा महिने चालतं आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. तोवर एल बोर्ड लावून, शेजारी लायसनवाला माणूस बसवूनच चालवायची. या महिन्याभरात गाडी शोधायचं काम आरामात होतं.

बजेट ठरवताना सगळे पैसे गाडीत घालू नका

समजा हातात सहा लाख आहेत तर पाचाच्या आतलीच गाडी बघा. उरलेले लागतातच, चार चांगले टायर घ्यायचे म्हटलं तर वीस-पंचवीस हजार गेलेच समजा, मग बॅटरी, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं, इन्शुरन्स, आरटीओचा खर्च. लोक ताणून ताणून वरचं मॉडेल घेतात आणि मग गुळगुळीत टायरवर पोरगं पहिला पावसाळा काढतं, हे बघवत नाही.

कोणती एसयूव्ही

एसयूव्ही उंच असते म्हणजे तिचं वजनही वर असतं, वळणावर किंवा अचानक स्टेअरिंग फिरवलं तर ती सेडानपेक्षा जास्त झुकते आणि उलटायचा धोका जास्त असतो. नवीन ड्रायव्हर घाबरला की नेमकं तेच करतो, समोर कुत्रं आलं की झटका देऊन स्टेअरिंग फिरवतो. म्हणून पहिल्या गाडीसाठी मोठ्या, जड गाड्या मी नकोच म्हणेन, चार मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही भरपूर झाली, पार्किंगला सोपी, ब्रेकला आवरणारी.

"जाड पत्रा म्हणजे सेफ" हे डोक्यातून काढून टाका. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सेफ्टीचे पाचपैकी स्टार देणाऱ्या संस्थेने, एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ टेस्ट केली तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले होते, एवढी दणकट दिसणारी गाडी. 2017 मध्ये एअरबॅग नसलेल्या डस्टरचंही तेच झालं. उलट टाटा नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले, महिंद्रा एक्सयूव्ही 300 ला जानेवारी 2020 मध्ये पाच, विटारा ब्रेझाला 2018 मध्ये चार. क्रेटा आणि सेल्टॉस एवढ्या खपतात पण जुन्या टेस्टमध्ये दोघींना तीनच स्टार होते. बजेट पाच-सहा लाखांच्या आसपास असेल तर मी शोधायला सुरुवात नेक्सॉन, एक्सयूव्ही 300 आणि ब्रेझापासूनच करेन.

आता यात एक मेख आहे. स्टार मॉडेलला मिळतात, पण तुम्ही घेणार ते व्हेरियंट, त्यामुळे नेमक्या त्या वर्षाच्या त्या व्हेरियंटला काय काय होतं ते बघायचं. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सिस्टीम) सगळ्या नवीन गाड्यांना एप्रिल 2019 पासून आणि ड्रायव्हर एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची एअरबॅग तर त्याच्याही नंतर. म्हणजे 2019 च्या मागच्या गाडीत बेस मॉडेलला एखादी गोष्ट नसू शकते. दोन एअरबॅग आणि एबीएस नसेल तर गाडी कितीही स्वस्तात मिळत असो, सोडून द्या, यावर घासाघीस नको. ईएसपी असलेलं वरचं व्हेरियंट त्याच पैशात एखाद वर्ष जुनं मिळत असेल तर मी ते घेईन, ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला लागली की ते सावरून धरतं आणि पोरांना नेमकी तिथेच मदत लागते.

पेट्रोल की डिझेल? कॉलेज चार-पाच किलोमीटरवर असेल तर पेट्रोल. 2020 नंतरच्या बीएस6 डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते, रोज नुसतं घर-कॉलेज केलं तर तो चोक होतो आणि खर्च मोठा येतो.

बघायला जायच्या आधी मोबाईलवर

विकणाऱ्याकडून गाडी नंबर आणि आरसीचा फोटो मागा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, इंधन, इन्शुरन्स कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का हे दिसतं. चालान वेगळी तपासा, काही गाड्यांवर पाच-दहा हजारांची चालान साठलेली असतात आणि ती भरल्याशिवाय गाडी नावावर करायला अडचण येते. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

नंबर डीएल किंवा एचआर असेल तर जरा थांबा. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात, किंमत बघून कुणालाही मोह होईल, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथे परत रोड टॅक्स, नवीन नंबर, हे सगळं धरून हिशेब करा, बऱ्याच वेळा स्वस्त राहत नाही.

सर्व्हिस हिस्टरी मागाच. ऑथोराइज्ड वर्कशॉपचे बिलं असतील तर प्रत्येक बिलावर किलोमीटर छापलेले असतात, ते ओळीने लावून बघा, मध्येच आकडा मागे आला असेल तर मीटर फिरवलेलं आहे. बिलं नसतील तर पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड आणि गिअर नॉब बघा, तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं क्लच पेडल गुळगुळीत होत नाही.

प्रत्यक्ष गाडी बघताना

सकाळी उजेडात जा, आणि इंजिन गरम करून ठेवू नका असं आधीच सांगा. पोचल्यावर बोनेटला हात लावून बघा, थंड असेल तरच पहिल्या स्टार्टला खरं काय ते कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी मिसळतंय, दोन्हीला नमस्कार करून घरी या.

मग एअरबॅगचा दिवा. चावी ऑनला आणा, इंजिन सुरू न करता मीटरमध्ये बघा, एअरबॅगचं लाल चिन्ह पेटलं पाहिजे आणि काही सेकंदांत विझलं पाहिजे. पेटूनच राहिलं तर सिस्टीममध्ये बिघाड आहे. आणि पेटलंच नाही तर ते जास्त वाईट, कारण एअरबॅग उडून गेल्यावर नवीन न बसवता दिवाच बंद केलेला असू शकतो. स्टेअरिंगच्या मधल्या पॅडचा रंग बाकीच्या भागापेक्षा वेगळा वाटतो का, डॅशबोर्डवर कापल्याची किंवा चिकटवल्याची रेघ आहे का बघा. सीटबेल्टच्या खालच्या टोकाला एक छोटं लेबल शिवलेलं असतं त्यावर बेल्ट कधी बनला ते असतं, गाडी 2018 ची आणि बेल्ट 2021 चा निघाला तर बेल्ट का बदलला हे विचारायचं.

बोनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघा, पाना लागल्याच्या खुणा किंवा रंग उडालेला असेल तर पॅनल काढून बसवलंय. एखादा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असणं नॉर्मल आहे, आपल्याकडे कुणाची गाडी घासत नाही, पण पुढचे चॅसिसचे दांडे किंवा खांब वेल्डिंग केलेले दिसले तर गाडी नको.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यात लोक सर्रास फसतात. 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, 2021 चा चिपळूणचा, अशा प्रत्येक पुरात गाड्या पाण्याखाली जातात आणि धुवून-पुसून, पॉलिश मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या भागावर पाण्याची रेघ किंवा मातकट डाग आहे का बघा, वरून कितीही धुतलं तरी तिथे कोणी हात घालत नाही. डिकीतली मॅट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि तिच्या खड्ड्यात बोट फिरवा, बारीक चिखल हाताला लागतो. सीटखालच्या रुळांवर, सीटच्या बोल्टवर गंज आहे का बघा. काचा बंद करून एसी चालू करा आणि वास घ्या, आणि जर गाडीत आधीच डोकं दुखेल इतका परफ्यूम मारला असेल तर तो कशासाठी मारलाय याचा विचार करा. बुडालेल्या गाडीचं वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही आणि एअरबॅगचे सेन्सर त्याच वायरिंगवर असतात.

टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे टायर असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, बदलायचे धरून भाव पाडा.

पुढे लोखंडी बुलगार्ड लावलेला असेल तर तो काढायला लावा, त्यावर बंदी आहेच शिवाय धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट पोचत नाही. साइड एअरबॅग असलेल्या गाडीला बाजूने घट्ट बंद असलेले सीटकव्हर असतील तर तेही काढा.

टेस्ट ड्राइव्हला पोराला न्याच

ज्याने चालवायची आहे त्यालाच घरी ठेवून बाप आणि काका गाडी पसंत करून येतात, हे मला कधीच पटत नाही. आधी तुम्ही चालवा, मोकळ्या रस्त्यावर चाळिसच्या स्पीडला मागे कोणी नाही बघून ब्रेक जोरात दाबा, गाडी सरळ थांबली पाहिजे, एका बाजूला ओढायला नको. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून बघा, आवाज वाढतो पण गाडी उचलत नाही म्हणजे क्लच प्लेट गेली.

मग गाडी उभी करून मुलाला किंवा मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवा. क्लच शेवटपर्यंत दाबताना ती सीटच्या टोकावर सरकते का, बोनेटचा पुढचा भाग दिसतो का, सीट वर-खाली होते का. उंचीने कमी असलेल्या मुलींना काही गाड्यांत पुढचा जाड खांब वळणावर नेमका आडवा येतो, तिला मान न वाकवता रस्ता दिसत नसेल तर ती गाडी तिच्यासाठी नाही. आता तिला आतच बसू द्या, तुम्ही एक दप्तर घेऊन गाडीच्या मागे जा आणि बंपरपाशी जमिनीवर ठेवा. आरशात दिसतंय का विचारा. नाही म्हणाली की एक एक पाऊल मागे सरकवत जा, जिथे ते दिसायला लागेल तिथपर्यंतचं अंतर तिला खाली उतरून डोळ्यांनी बघू द्या. एवढ्या जागेत लहान मूल उभं असलं तरी दिसणार नाही हे तिला एकदा दिसलं की रिव्हर्स घेण्याआधी ती आपोआप मागे वळून बघते. गाडीला रिव्हर्स कॅमेरा नसेल तर बजेटमध्ये तो धरा.

सगळं पसंत पडलं तरी टोकन देण्याआधी स्वतःच्या ओळखीचा मेकॅनिक नेऊन गाडी लिफ्टवर चढवा आणि स्कॅनर लावून एरर कोड वाचून घ्या, विकणारा याला नाही म्हणत असेल तर तेच उत्तर समजा.

व्यवहार आणि नंतर

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, पैसे बँकेतून, डिलिव्हरीची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या. गाडी तुमच्या नावावर होईपर्यंत एजंटच्या "होऊन जाईल साहेब" वर राहू नका, स्वतः स्टेटस बघत राहा. 1 एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसलीय का बघा. इन्शुरन्स 14 दिवसांच्या आत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, नाहीतर तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान झालं तर क्लेम अडकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक फ्लुइड आणि वायपर बदला. पहिले दोन-तीन महिने तुम्ही शेजारी बसा, आधी दिवसा, मग रात्री, मग पावसात, आणि घाट सगळ्यात शेवटी. मित्रांना भरून लोणावळा-माळशेज वगैरे पहिल्या वर्षी नकोच, गाडी भरली की उंच गाडीचा ब्रेकही लांबतो आणि वळणावरचा झोलही वाढतो, त्यात मागचे तिघं बेल्ट लावत नाहीत. मागच्यांनी बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका.

आणि एका रविवारी पार्किंगमध्ये त्यांच्याकडून स्टेपनी बदलून घ्या, जॅक कुठे लावायचा, नट आधी जमिनीवर असतानाच का सैल करायचे, सगळं स्वतःच्या हाताने. तेव्हाच कळेल की जुन्या मालकाने जॅक आणि पाना गाडीत ठेवलाय की नाही, आणि स्टेपनीत हवा आहे की नाही.