पोट दुखतंय आणि फुगलंय: नव्या इंटर्नसाठी थोडं अनुभवातून

पोटदुखी आणि पोटफुगीचा पेशंट आला की नव्या इंटर्नचा हात आधी सोनोग्राफीच्या फॉर्मकडे जातो. तपासणी लागतेच, पण त्याआधी दोन प्रश्न विचारा. आधी दुखायला लागलं की आधी पोट वाढलं? आणि हे सगळं काही तासांत झालं की काही आठवड्यांत?

तासांचा मामला असेल, कळा येत असतील, उलट्या होत असतील, शौच आणि वायू दोन्ही बंद असतील, तर आतड्याला अडथळा आहे असं धरूनच चला. अशा वेळी दोन्ही जांघा उघड्या करून बघाच. अडकलेला हर्निया कपड्याखाली सहज राहून जातो. पेशंट कॉटवर कसा पडलाय तेही पाहा: कळ येणारा तळमळतो, कूस बदलत राहतो, पेरिटोनायटिसचा (पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेला) निपचित पडून असतो, खोकायलाही घाबरतो.

आठवडे लागले असतील तर जलोदर, म्हणजे पोटात पाणी साठणं, मनात येतो. एक बाई आमच्याकडे जलोदर म्हणूनच आल्या होत्या. बोटांनी ठोकून पाहिलं तर मध्यभागी आवाज बद्द आणि कुशींना पोकळ. पाणी असतं तर उताणं झोपल्यावर ते कुशींत उतरलं असतं आणि आतडी वर तरंगली असती. सोनोग्राफीत ओव्हरीची मोठी गाठ निघाली. तपासणी तीच, पण काय शोधायचं ते आधीच ठरलेलं होतं. कूस बदलल्यावर बद्दपणा सरकण्यासाठी साधारण दीड लिटर पाणी लागतं, म्हणून तो सरकला नाही तरी थोडं पाणी असू शकतं.

तपासणीसाठी पोटातलं पाणी काढलं की त्यातल्या अल्ब्युमिनसोबत (हे एक प्रथिन) त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिनही पाठवा. रक्तातल्या आकड्यातून पाण्यातला वजा केल्यावर फरक डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा जास्त असेल तर पोर्टल हायपरटेन्शनचा (यकृताकडे जाणाऱ्या शिरेतला दाब वाढण्याचा) विचार करा. कमी असेल तर टीबी, कॅन्सर. सिऱ्होसिसच्या (यकृत घट्ट, निकामी होत गेलेल्या) पेशंटच्या पाण्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) घन मिलिमीटरला २५० किंवा जास्त आले, तर पाण्यात जंतुसंसर्ग आहे असं धरून कल्चरची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करायला सिनियरना लगेच कळवा. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

मूल होण्याच्या वयातल्या बाईची प्रेग्नन्सी टेस्ट आणि वरच्या पोटात दुखणाऱ्या मोठ्या माणसाचा ईसीजी, हे दोन्ही न विसरता करा. आणि म्हाताऱ्या पुरुषाच्या ओटीपोटात दुखरा गोळा लागला, तर शेवटची लघवी कधी झाली ते विचारा. तुंबलेलं मूत्राशय असेल, तर कॅथेटर घातल्यावर तो गोळा तुमच्या हाताखालीच उतरतो.