लिनक्स टाकायचंय? मग आधी विंडोजची तयारी करा

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये तीन-चार जणांनी मला जिन्यातच गाठलं. "या मशीनवर विंडोज ११ चढत नाही म्हणतात, लिनक्स टाकून बघू का?" बघा की. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. फक्त जुनं विंडोज पुसू नका, दोन्ही शेजारी शेजारी राहू द्या. लिनक्स टाकायला अर्धा-पाऊण तास लागतो. तयारीला दोन संध्याकाळी काढा, आणि त्यातलं बहुतेक काम विंडोजमध्ये बसूनच करायचं आहे.

पहिलं काम बॅकअप. फोटो, सोसायटीचे हिशेब, टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मग ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी विश्वास ठेवत नाही. ज्यांच्याकडे श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पत्रं आहेत, त्यांनी ती विंडोजमध्ये असतानाच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीत, करून घ्यावीत. लिनक्समध्ये तो फॉन्ट नसला की सेक्रेटरींची नोटीस म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोड मराठीला काही अडचण नाही, इन्स्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो.

आता बिटलॉकर, म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणारं, तिला कुलूप लावणारं विंडोजचं साधन. इथे जरा थांबा, कारण इथेच मी तोंडावर पडलो. मेहुण्याचा लॅपटॉप होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा तपासणी बंद केली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि समोर निळा पडदा: ४८ आकडी रिकव्हरी की टाका. मेहुणा म्हणाला, "मी कधी लॉक लावलंच नाही." त्याने लावलं नव्हतं, खरं आहे. बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि की त्या खात्यात जाऊन बसते. ते खातं कोणाचं, हे कोणाला आठवेना. शेवटी भाचा क्लासवरून रात्री साडेनऊला घरी आला तेव्हा कळलं, ऑनलाइन शाळेच्या काळात त्याच्याच ईमेलवर लॅपटॉप सुरू केला होता. तोवर ताईने मला चहासुद्धा विचारला नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते आधी बघा. चालू असेल तर की कागदावर उतरवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करणं म्हणजे किल्ली आत ठेवून लॅच ओढून घेणं. की हातात आली की एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्कचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबा.

त्याच बैठकीत फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर सुरू करणारी सोयही बंद करा. ते चालू असलं की विंडोज 'शट डाउन' म्हणूनही अर्धवट झोपलेलंच असतं, आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर नीट लिहिता येत नाही. मोठ्या अपडेटनंतर ते कधी कधी पुन्हा चालू झालेलं सापडतं, तेव्हा नंतरही डोकावत राहा.

जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, 'श्रिंक व्हॉल्यूम'ने काढा. लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार २० जीबीत मावतो, पण मिंटवाले स्वतःच १०० जीबी सुचवतात आणि ते बरोबर आहे. ड्राइव्हवर ढीगभर जागा मोकळी असूनही थोडीच काढता येते असं विंडोज म्हणालं, तर मध्ये न हलणाऱ्या फाइली बसलेल्या असतात: हायबरनेशन, पेज फाइल, रिस्टोअर पॉइंट. ते तात्पुरतं बंद करून पुन्हा प्रयत्न करा. मोकळी झालेली जागा तशीच कोरी ठेवा, तिला ड्राइव्हचं अक्षर देऊ नका. डेस्कटॉप असेल तर ही कटकट मी करणारच नाही. लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी, म्हणजे छोटी वेगवान डिस्क आणायची, जुन्या डिस्कची केबल काढायची, नव्या डिस्कवर लिनक्स टाकायचं आणि मग केबल परत लावायची.

पेन ड्राइव्ह दोन लागतील. एक ३२ जीबीचा, विंडोजच्या रिकव्हरीसाठी. दुसरा ८ जीबीचा, लिनक्ससाठी. लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवणारं रूफस हे सॉफ्टवेअर त्यावरचं सगळं पुसतं, तेव्हा मुलीच्या प्रोजेक्टचा उचलू नका. डाउनलोड केलेल्या लिनक्सच्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरली का हे सांगणारा कोड, जुळवून घ्या. मग पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून तासभर वापरा, काही इन्स्टॉल न करता. वायफाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, सगळं बघा. इन्स्टॉलरला तुमची डिस्क दिसते का तेही बघा. काही इंटेल लॅपटॉपवर स्टोरेज आरएसटी या इंटेलच्या खास मोडवर असतं आणि डिस्क दिसतच नाही. बायोसमधून ते थेट एएचसीआय या साध्या मोडवर नेलं तर विंडोज उठणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगावं लागतं. जीएसटीचं डिजिटल सिग्नेचर टोकन मात्र विंडोजमध्येच वापरा, त्यासाठीच तर ते ठेवतोय.

दिवस निवडताना ११ आणि २० तारखेच्या आसपास जाऊ नका, रिटर्न भरायचे असतात. लोकलच्या मेगाब्लॉकचा रविवार उत्तम, नाहीतरी कुठे जायचं नसतं. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला हवा, डेस्कटॉपला यूपीएस. मुंबईत लाइट जात नाही म्हणणाऱ्यांनी १२ ऑक्टोबर २०२०ची, मुंबईभर लाइट गेल्याची सकाळ आठवावी.

इन्स्टॉल करताना एकाच पडद्यावर घाई नको: 'विंडोजच्या शेजारी' आणि 'डिस्क पुसून' हे पर्याय खाली-वर असतात. बटण दाबण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा.

सगळं झाल्यावर विंडोजमध्ये परत गेलात आणि सकाळी आठ वाजता घड्याळ रात्रीचे अडीच दाखवू लागलं तर घाबरू नका. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच आपली समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्सला ते घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की झालं, एका ओळीची कमांड आहे. मी ती दुसऱ्या दिवशी दिली. पहिल्या दिवशी त्याच घड्याळाकडे बघत निवांत चहा पीत बसलो होतो आणि आठ बाराची लोकल गेली.